तांबडा दिवा लागला, आता काय? जुन्या गाडीचं ऑइल प्रेशर समजून घेऊ

(या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलं आहे. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी.)

[००:००] सुरुवात

हेडफोन नीट लावा, कारण आजच्या भागात मी तुम्हाला इंजिनाचे दोन-तीन आवाज तोंडाने काढून दाखवणार आहे. वाचणाऱ्यांची त्यातून सुटका झाली.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. मी आणि मामा पुण्याहून नगरला येत होतो. हो, आता कागदावर अहिल्यानगर, पण घरी अजून तोंडात नगरच येतं. गाडी कोणती? मामाची प्रीमियर पद्मिनी. मामा निवृत्त शिक्षक. ही गाडी त्यांनी पहिल्यांदा घेतली तेव्हा आख्ख्या गल्लीने पेढे खाल्ले होते, असं आई सांगते.

शिरूर सोडलं, सुपं आलं. पुढे ट्रॅफिक, गाडी हळू झाली. मामांनी न्यूट्रल केली आणि डॅशबोर्डवर तो छोटा तांबडा दिवा लुकलुकायला लागला. मामांनी जरा रेस दिली. दिवा गेला. पाय काढला, परत आला.

मी म्हटलं, "मामा, ऑइलचा दिवा आहे तो."
मामा म्हणाले, "अरे, रेस दिली की जातो. घरी गेल्यावर बघू."

आजचा भाग या एका वाक्याबद्दल आहे. "रेस दिली की जातो." हे वाक्य ऐकून कितीतरी इंजिनं मेली आहेत. आमचं वाचलं, पण थोडक्यात.

[०२:१५] गाडीची थोडी ओळख

नव्या मुलांसाठी पटकन सांगतो. १९६४ पासून मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी इटलीच्या फियाटची ११०० डी ही गाडी बनवत होती. १९७४ पासून तिचं नाव पद्मिनी झालं. १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं साधं पेट्रोल इंजिन. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणजे हीच. ३० ऑक्टोबर २०२३ ला तिथल्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली, तेव्हा तुमच्या रील्समध्ये सगळीकडे ती दिसली असेल.

टॅक्सी गेल्या, पण घरगुती गाड्या आहेत. आपल्या जिल्ह्यात वाड्याच्या पडवीत, गोठ्याशेजारी, ताडपत्रीखाली अजून किती पद्मिनी, अ‍ॅम्बॅसेडर आणि जीप उभ्या आहेत बघा. त्या चालू करायच्या म्हणजे पहिला प्रश्न बॅटरीचा आणि दुसरा ऑइल प्रेशरचा. बॅटरी बिघडली तर गाडी जागची हलत नाही, एवढंच. ऑइल प्रेशर बिघडलं तर गाडी चालू राहते आणि चालता चालता स्वतःलाच खाते. म्हणून हा दुसरा प्रश्न जास्त धोक्याचा.

[०४:००] प्रेशर म्हणजे नेमकं काय? ठिबकचं उदाहरण

आता नीट ऐका, कारण हे कळलं की पुढचं सगळं आपोआप कळेल.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या शेतात ठिबक आहे. विहिरीत फूटव्हॉल्व्ह, त्याला जाळी. मग मोटर. मग फिल्टर. मग मेन पाइप, त्यातून लॅटरल आणि शेवटी ड्रिपर. फिल्टरजवळ एक बायपासचा कॉक असतो, प्रेशर जास्त झालं की पाणी तिथून परत सोडायला.

इंजिनात अगदी हेच आहे. खाली चेंबर, म्हणजे विहीर. त्यात ऑइल. ऑइल पंपाच्या तोंडाला जाळी. पंप म्हणजे दोन दात्यांची चाकं, इंजिनाबरोबर फिरणारी. मग फिल्टर. मग ब्लॉकच्या आत कोरलेले मार्ग. आणि शेवटी ड्रिपरच्या जागी बेअरिंग: क्रँक ज्यावर फिरतो ते मेन बेअरिंग, कनेक्टिंग रॉडचं बिगएंड बेअरिंग, कॅमचं बेअरिंग आणि सगळ्यात वर रॉकर. बायपासच्या जागी रिलीफ व्हॉल्व्ह: एक प्लंजर आणि त्यामागे स्प्रिंग.

आता मला सांगा, ठिबकचं प्रेशर कशाने पडतं? विहिरीचं पाणी कमी झालं. जाळीत शेवाळ अडकलं. मोटर झिजली. बायपास उघडा राहिला. किंवा उंदरांनी लॅटरल कुरतडल्या आणि पाणी भलतीकडेच जायला लागलं. बस, इंजिनातही हीच पाच कारणं. सहावं एक आहे, ते शेतात नसतं: पाणी पातळ-घट्ट होत नाही, ऑइल होतं.

पंप प्रेशर "बनवतो" असं आपण म्हणतो, पण ते अर्धंच खरं. पंप फक्त ऑइल ढकलतो. पुढे अडथळा असेल तरच प्रेशर तयार होतं. बेअरिंगमधली फट बारीक असते, ऑइल तिथून कष्टाने निघतं, म्हणून मागे प्रेशर राहतं. फट मोठी झाली की ऑइल सुसाट बाहेर आणि मागे प्रेशर नाही. ठिबकच्या पहिल्या ओळी वाहतात आणि शेवटची झाडं वाळतात, तसं. म्हणून प्रेशर पडलं की पहिली कुरकुर बहुतेक वेळा वरून येते, टॅपेट-रॉकरकडून. टिक् टिक् टिक्. शेवटचं झाड तेच आहे ना!

[०७:१०] ही फट केवढी असते?

बेअरिंगमधली तेलाची फट साधारण ०.०३ ते ०.०७ मिलिमीटर. तुमच्या डोक्याच्या केसाएवढी किंवा त्याहून बारीक. त्या फटीत ऑइलचा पापुद्रा तयार होतो आणि क्रँक त्यावर अक्षरशः तरंगतो. पावसात जोरात गाडी मारली की टायर पाण्यावर तरंगतो आणि गाडी घसरते, माहितीये ना? रस्त्यावर ते वाईट, पण बेअरिंगमध्ये आपल्याला तेच हवं असतं. लोखंडाला लोखंड लागायलाच नको.

आता यातली गंमत. या फटीतून किती ऑइल निसटतं ते फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. म्हणजे फट दुप्पट झाली तर गळती दुप्पट नाही, आठपट! दोन गुणिले दोन गुणिले दोन. म्हणून झीज केसाएवढी दिसत असली तरी काट्यावर फरक मोठा दिसतो.

आणि ऑइल गरम झालं की पातळ होतं. २०डब्ल्यू-४० सारखं ऑइल ४० अंशांवर जेवढं घट्ट असतं, त्याच्या साधारण आठव्या हिश्शाएवढंच १०० अंशांवर उरतं. म्हणून सकाळी थंड इंजिनावर सगळं झकास दिसतं आणि दुपारी घाट चढून आल्यावर खरं पितळ उघडं पडतं. थंड इंजिनावरचा प्रेशरचा आकडा म्हणजे पाहुण्यांसमोर दाखवलेलं घर. खरं घर बघायचं तर इंजिन पूर्ण तापू द्या.

[०९:३०] दिवा लागला तर पहिल्या मिनिटात काय करायचं

चालत्या गाडीत दिवा लागला आणि लागलेलाच राहिला तर गाडी सुरक्षित बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. पुढच्या गावापर्यंत नाही, "समोरच तर पंप आहे" नाही. लगेच. बेअरिंगवर मऊ धातूचा पातळ थर असतो. ऑइल नसेल तर तो वितळून पुसला जायला फार वेळ लागत नाही. टोइंगचे पैसे जातील, पण ते क्रँकच्या कामापेक्षा कितीतरी कमी असतात.

आणि हे लक्षात ठेवा: हा दिवा ऑइल किती आहे ते सांगत नाही. प्रेशर फारच खाली गेलं, एवढंच सांगतो. दिव्याचा स्विच साधारण ५ ते ७ पीएसआयच्या आसपास बदलतो. तुमच्या कारच्या टायरमध्ये ३० पीएसआय हवा असते, त्यावरून अंदाज घ्या. म्हणजे दिवा लागेपर्यंत गोष्ट बरीच पुढे गेलेली असते. दिवा म्हणजे धुराचा वास नाही, थेट आगीची घंटा.

म्हणून "रेस दिली की जातो" याचा अर्थ काय? पंप जोरात फिरला, थोडं जास्त ऑइल आलं, आकडा ५ वरून ८ वर गेला आणि दिवा विझला. इंजिन बरं झालं नाही, फक्त घंटा बंद झाली.

[११:४०] आमच्या गाडीचं काय काय झालं

आम्ही कशीबशी कामरगावचा घाट उतरून घरी आलो. देवाची कृपा. दुसऱ्या दिवशी मामांनी गाडी एका गॅरेजमध्ये नेली. तिथे सांगितलं, "सर, स्विच खराब आहे." स्विच बदलला. दिवा गेला. मामा खूश.

आठ दिवसांनी दिवा परत. आता त्याच ठिकाणी सांगितलं, "हाफ इंजिन करावं लागेल, बेअरिंग गेलं." आकडा सांगितला पंचेचाळीस हजार. मामांचा चेहरा पडला. दुसऱ्या कुणी सांगितलं, घट्ट ऑइल टाका आणि वर अमुक औषध ओता, सहा महिने निघतील. तिसरा थेट भंगारवाला घेऊन आला.

मामा त्या रात्री जेवताना म्हणाले, "विकून टाकू. म्हाताऱ्या माणसाने म्हातारी गाडी सांभाळायची म्हणजे दोघांचे हाल."

मामी काहीच बोलल्या नाहीत. पण उठून गेल्या. तेव्हा मला वाटलं, निदान नीट निदान तरी करून घेऊ. कारण तोपर्यंत तीन जणांनी तीन उपाय सांगितले होते, पण एकानेही प्रेशर मोजलं नव्हतं.

मग एका मित्राने माळीवाड्याकडच्या एका जुन्या वस्तादांकडे नेलं. त्यांनी बॉनेट उघडायच्या आधी तीन प्रश्न विचारले: "ऑइल किती खाते? शेवटचं कधी बदललं? मायलेज कमी झालंय का?"

मामा अभिमानाने म्हणाले, "ऑइल अजिबात खात नाही वस्ताद, उलट पट्टीवर वरच्या खुणेच्याही वर आहे!"

वस्ताद हसले. "सर, तुम्ही इतकी वर्षं शाळेत शिकवलंत. मला सांगा, न भरता विहिरीचं पाणी वाढलं तर ते कुठून आलं?"

[१४:२०] पायरी १: डिपस्टिक. बघा, वास घ्या, बोटात चोळा

गाडी सपाट जागेवर. इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा, म्हणजे वरचं ऑइल खाली चेंबरमध्ये उतरेल. पट्टी काढा, पुसा, परत घाला, परत काढा. आता चार गोष्टी बघा.

* पातळी खालच्या खुणेखाली: ऑइल कमी. वळणावर किंवा ब्रेक मारल्यावर दिवा लुकलुकत असेल तर बहुतेक हेच. जाळी क्षणभर उघडी पडते आणि पंप हवा ओढतो.
* पातळी वाढलेली, ऑइल पाण्यासारखं पातळ, पेट्रोलचा वास: ऑइलमध्ये पेट्रोल जातंय.
* दुधाळ, चहासारखा रंग: ऑइलमध्ये पाणी. हेड गॅस्केटकडे संशय. गाडी चालवू नका.
* बोटांत चोळल्यावर चमचम करणारे कण: बेअरिंगचा धातू. मग मोठ्या कामाची मनाची तयारी ठेवा.

वस्तादांनी पट्टीवरचा थेंब टिश्यू पेपरवर टाकला. मधे काळा डाग आणि भोवती झपाट्याने पसरणारं फिकट ओलं कडं. मग पट्टी माझ्या नाकाखाली धरली. पेट्रोल! एवढे दिवस गाडीजवळ उभे राहून आम्ही सगळे काय करत होतो, कोण जाणे.

एक सूचना: पेट्रोलचा वास येत असेल तर जवळ बिडी-सिगारेट नाही, लायटर नाही. चेंबरमध्ये पेट्रोलची वाफ भरलेली असते.

[१६:५०] पायरी २: दिवा खरं बोलतोय का?

पट्टी बघून झाली की वायर तपासायची. फार सोपं आहे. किल्ली ऑन, इंजिन बंद: दिवा लागलाच पाहिजे. लागत नसेल तर बल्ब गेलाय किंवा वायर तुटलीये, म्हणजे गरज पडेल तेव्हा तुम्हाला इशाराच मिळणार नाही. जुनी गाडी घेताना हे पहिलं बघा. काही विकणारे दिव्याची वायरच काढून ठेवतात.

मग ब्लॉकवरच्या स्विचची वायर काढा आणि ती कुठे लोखंडाला टेकू देऊ नका. दिवा विझला पाहिजे. वायर काढूनही दिवा चालूच असेल तर वायर वाटेत कुठेतरी घासून बॉडीला लागलीये. इंजिनाचा दोष नाही, पन्नास रुपयांचं काम.

वायर काढल्यावर दिवा विझला, म्हणजे वायरिंग बरोबर. आता उरले दोनच संशयित: स्विच किंवा खरोखर प्रेशर. आणि इथे अंदाजाने स्विच बदलायचा नाही, मोजायचं. आमचं तेच झालं होतं. नव्या स्विचची मर्यादा जुन्यापेक्षा जरा खाली असणार, म्हणून दिवा आठ दिवस गप्प बसला. त्या आठ दिवसांत इंजिन पातळ ऑइलवर चालत राहिलं.

[१९:००] पायरी ३: मेकॅनिकल गेज

गोल काट्याचं साधं ऑइल प्रेशर गेज, एक नळी आणि योग्य आट्याचा जोड. स्विच काढून त्या जागी हे बसवायचं. आटे जुळत नसतील तर जबरदस्ती करू नका, ब्लॉकचे आटे गेले तर नवीन डोकेदुखी. आमच्याकडचे मिस्त्री पीएसआय कमी आणि "किलो" जास्त बोलतात. एक किलो म्हणजे साधारण १४ पीएसआय.

मग इंजिन चालू करून तीन आकडे लिहून घ्यायचे. मोबाइलमध्ये लिहा, फोटो काढा:

१. थंड इंजिन, स्लोवर.
२. पूर्ण तापलेलं इंजिन, स्लोवर. निदान वीस मिनिटं चालवून आल्यावर.
३. पूर्ण तापलेलं, साधारण २००० आरपीएमवर.

किती असायला हवं? तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा हाच खरा. तो नसेल तर जुन्या इंजिनांसाठी वापरला जाणारा ढोबळ हिशेब: दर १००० आरपीएमला १० पीएसआय. म्हणजे गरम इंजिनाला २००० वर किमान २० हवेत. हा हिशेब "चालेल" एवढंच सांगतो, "उत्तम" नाही.

आमच्या पद्मिनीचे आकडे, गरम: स्लोवर ६, २००० वर २२. काठावरचे. म्हणून दिवा लुकलुकत होता.

[२१:३०] काटा काय बोलतो, ते असं वाचा

हा भाग सेव्ह करून ठेवा.

थंडला छान, गरम स्लोवर फार कमी, रेस दिली की बऱ्यापैकी वाढतं: ऑइल पातळ झालंय किंवा बेअरिंगच्या फटी वाढल्यात. दोन्हींचं चित्र सारखंच दिसतं! म्हणून आधी ऑइल बदलून परत मोजायचं आणि मग बेअरिंगवर आरोप करायचा. उलटं नाही.

थंड, गरम, स्लो, रेस, कशातही नीट वाढत नाही: रिलीफ व्हॉल्व्ह उघडा अडकलाय, पंप झिजलाय किंवा जाळी तुंबलीये.

सुरुवातीला चांगलं, जोरात चालवलं की हळूहळू पडतं, गाडी थोडा वेळ उभी केली की परत चांगलं: जाळीचा संशय. गाळ ओढला जाऊन जाळीला चिकटतो, थांबल्यावर खाली बसतो. वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या गाड्यांत हे फार. ठिबकच्या फूटव्हॉल्व्हचं शेवाळ आठवा.

काटा थरथरतो: पंप हवा ओढतोय. पातळी कमी किंवा पंपाच्या नळीचा जोड ढिला.

प्रेशर पडलंय आणि खालून लोड घेताना ठक् ठक् आवाज: बिगएंड किंवा मेन. आता चालवायचं नाही. इथे गेजचं काम संपलं, चेंबर उतरवायचं.

[२४:१०] रिलीफ व्हॉल्व्ह आणि वॉशरची चलाखी

एक जुगाड सगळीकडे सांगतात: रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगमागे वॉशर टाका, नाहीतर स्प्रिंग जरा ताणा, प्रेशर वाढेल. हे का चुकीचं आहे ते बघा.

रिलीफ व्हॉल्व्ह कधी उघडतो? प्रेशर जास्त झालं की. स्लोवर ६ पीएसआय असताना तो मुळात बंदच आहे. बंद दाराला अजून कुलूप लावून घरात पाणी येतं का? स्लोवरचा दिवा तसाच लुकलुकणार. उलट सकाळी थंड, घट्ट ऑइलवर दार उघडायला हवं तेव्हा उघडणार नाही. मग फिल्टरचं गॅस्केट फुटणं, पंपाच्या दात्यांवर ताण, असले प्रकार सुरू.

हां, प्लंजर उघडा अडकला असेल, मधे कचरा किंवा ओरखडा असेल, तर मात्र तो काढून साफ करणं हा खरा उपाय. म्हणून बाहेरून सहज निघत असेल तर काढा, बघा, स्वच्छ करा. स्प्रिंगची लांबी मॅन्युअलशी ताडून बघा. वॉशर मात्र खिशातच ठेवा.

[२६:००] पेट्रोल आलं कुठून?

जुन्या गाड्यांत पेट्रोल पंप इलेक्ट्रिक नसतो. इंजिनाच्या कडेला बसवलेला असतो, त्याचा दांडा ब्लॉकच्या आत कॅमवर टेकलेला. आत रबरी डायफ्राम, तो वरखाली होतो आणि पेट्रोल ओढतो. हा डायफ्राम फाटला की पेट्रोल थेट खाली ऑइलच्या चेंबरमध्ये गळू शकतं. पट्टीवरची पातळी वाढते, मायलेज पडतं, ऑइल पातळ होतं, प्रेशर पडतं. एका फाटक्या रबराने एवढं सगळं.

वस्तादांनी पंप उतरवला, डायफ्राम उजेडासमोर धरला. बारीक चीर. मामांना दाखवत म्हणाले, "सर, हे बघा तुमचे पंचेचाळीस हजार."

नवीन डायफ्राम. पातळ झालेलं ऑइल काढून टाकलं, फिल्टर बदलला, नवीन २०डब्ल्यू-४० भरलं. गाडी कामरगावपर्यंत नेऊन आणली आणि परत गेज लावलं. गरम: स्लोवर १६, २००० वर ४२.

मी तर उड्याच मारल्या. पण वस्ताद म्हणाले, "थांब रे. रोग गेला, त्याने काय खाल्लं ते बघायचंय."

[२८:२०] चेंबर उतरवून

हे महत्त्वाचं आहे. पातळ ऑइलवर इंजिन काही आठवडे चाललं होतं. त्यामुळे त्यांनी चेंबर उतरवलं. तळाशी काळा गाळ होता, जाळीचा पाव भाग तुंबलेला. तो साफ केला. पंपाच्या दात्यांमधली फट फीलर गेजने बघितली. मग एक बिगएंड आणि एक मेन बेअरिंगची कॅप उघडली. कॅप उघडताना कुठली कुठे आणि कुठल्या बाजूने, याची खूण करूनच, कारण त्या अदलाबदल चालत नाहीत.

बेअरिंग एकसारखं करडं असेल तर उत्तम. बारीक रेघा असतील तर चालतं. पण करड्या थराखालून तांबूस रंग दिसायला लागला, किंवा नखाला लागतील एवढ्या चिरा पडल्या, तर बेअरिंग बदला. आणि क्रँकवरच रेघा पडल्या असतील तर नुसतं नवीन बेअरिंग घालून उपयोग नाही. मग लेथवर क्रँक घासून त्याला दहा थाऊ, म्हणजे पाव मिलिमीटर, जाड बेअरिंग घालावं लागतं. तेव्हा हाफ इंजिनाचं काम खरंच लागतं, आणि ते सांगणारा मिस्त्री तुम्हाला लुबाडत नसतो. फरक एवढाच, की त्याने आधी मोजलेलं असतं आणि काढलेलं बेअरिंग तुमच्या हातात ठेवलेलं असतं.

आमचं बेअरिंग करडं होतं. दोन बारीक रेघा. कॅप परत बसवल्या, टॉर्क रेंचने आवळल्या. सगळं मिळून खर्च सहा हजारांच्या आत.

[३०:४५] घट्ट ऑइलचं काय?

हा प्रश्न मेसेजमध्ये नेहमी येतो. ४० च्या जागी ५० नंबरचं ऑइल टाकलं तर आकडा वाढतो, हे खरं. १०० अंशांवर ४० ग्रेडपेक्षा ५० ग्रेड घट्टच असतं. इंजिन थोडं झिजलंय, आकडे मोजलेत, दुसरं कारण नाही हे कळलंय, आणि नगरचा उन्हाळा आहे, तर २०डब्ल्यू-५० वापरणं हा विचार करून घेतलेला निर्णय असू शकतो.

पण न मोजता टाकलं, तर तापात थर्मामीटर फोडण्यासारखं आहे. आम्ही त्या दिवशी ५० नंबर टाकलं असतं तर दिवा महिनाभर विझला असता. पेट्रोल गळतच राहिलं असतं. आणि महिन्याने मामांच्या गाडीचा क्रँक खरंच गेला असता.

[३२:३०] थोडक्यात

१. दिवा लागून राहिला की बाजूला घ्या, इंजिन बंद.
२. पट्टी: पातळी, वास, रंग, कण. पातळी वाढली तरी तो दोषच.
३. दिव्याची वायर काढून बघा.
४. गेज लावा. तीन आकडे लिहा.
५. ऑइल आणि फिल्टर बदलून परत मोजा.
६. रिलीफ व्हॉल्व्ह साफ करा, वॉशर टाकू नका.
७. तरीही कमी असेल तर चेंबर उतरवा: जाळी, पंप, मग बेअरिंग.
८. जुने काढलेले भाग परत मागा आणि डोळ्यांनी बघा.

स्वस्तापासून महागाकडे आणि बाहेरून आत, असा हा क्रम आहे. कुणी तुम्हाला थेट सातव्या पायरीवर न्यायला लागलं तर प्रेमाने विचारा, "आधीच्या सहा झाल्या का?"

[३४:००] जाता जाता

आपल्या नगरला गाड्यांचं नातं जुनं आहे. १ जून १९४८ ला पहिली एसटी धावली ती याच नगर-पुणे रस्त्यावर. लष्कराचं रणगाडा संग्रहालय इथे आहे, वाहनांवर संशोधन करणारी व्हीआरडीई इथे आहे. संग्रहालयात गेलात तर रणगाड्यांच्या गर्दीत रोल्स-रॉइसची चिलखती गाडीही बघा. रणगाडा असो की पद्मिनी, आत क्रँक तेलाच्या त्याच बारीक पापुद्र्यावर फिरतो.

आणि ज्यांच्याकडे खूप जुनी गाडी आहे त्यांच्यासाठी: २०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार ५० वर्षं पूर्ण झालेल्या, मूळ रूपात ठेवलेल्या गाडीची 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी करता येते. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही. म्हणजे आजोबांची गाडी भंगारात देण्याआधी तिचं वय एकदा मोजा. आणि प्रेशरही.

मामांनी डॅशबोर्डखाली आता कायमचं एक छोटं गेज लावून घेतलंय. मामी शेजारी बसतात आणि दर दहा मिनिटांनी विचारतात, "किती आहे हो?" मामा सांगतात, "चाळीस." मग मामी खिडकीबाहेर बघतात.

तुमच्या घरात ताडपत्रीखाली कुठली गाडी आहे? गरम इंजिनावरचे तिचे दोन आकडे, स्लो आणि २०००, मला पाठवा. पुढच्या भागात कूलिंगबद्दल बोलू: घाटात गरम होणारी गाडी आणि रेडिएटरचं झाकण. तोवर पट्टी काढत राहा, आणि हो, वासही घेत राहा. राम राम मंडळी!